हरवलेल्या पंचाचा शोध

जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून तीन पातळ पुस्तिकांचा एक खोका विक्रीला आला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती फक्त हजार. खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. आज जगभर ज्याला रोल-प्लेइंग गेम किंवा आरपीजी म्हणतात, त्या साऱ्या प्रकाराचे मूळ याच खोक्यात सापडते. पण त्याच्या मुखपृष्ठावर ‘रोल-प्लेइंग’ हा शब्द कुठेच नाही. कागद, पेन्सिल आणि छोट्या सैनिक-बाहुल्या घेऊन खेळायच्या अद्भुत मध्ययुगीन युद्धखेळांचे नियम, एवढेच तिथे छापले आहे. म्हणजे खेळ रचणारे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या लेखी तो युद्धखेळच होता. ओळख मागाहून चिकटली, आणि ती मागाहून चिकटल्यामुळे तिचा नेमका आशय कोणता, हा वाद पन्नास वर्षांनंतरही मिटलेला नाही. व्हिडिओ गेमच्या जगात तर तो फारच तापतो. लेव्हल वाढत गेली आणि एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळत गेले की झाली आरपीजी, असे कुणी म्हणतो. कुणाला लांबलचक कथा हवी असते, कुणाला निवडीचे परिणाम. तलवार, चिलखत आणि जादूगार दिसले तरी समाधान मानणारेही पुष्कळ आहेत.

हा वाद सोडवायचा तर हा प्रकार मुळात कसा घडला तिकडे वळावे लागते. तो इतिहास एक गोष्ट फार ठळकपणे दाखवतो: रोल-प्लेइंग गेमचा प्राण पंचात आहे. खेळाडूने सांगितलेली कृती त्याच्या पात्राच्या कुवतीशी ताडून पाहणारा, तिचा निकाल देणारा आणि दिलेला निकाल पुढेही ध्यानात ठेवणारा कुणीतरी तिसरा जेव्हा खेळात असतो, तेव्हाच खेळाडूने घेतलेल्या भूमिकेला अर्थ येतो. हा खेळ संगणकावर गेला तेव्हा आकडे सहज गेले, पंच मात्र टेबलावरच राहिला. खऱ्या आरपीजींचा तेव्हापासूनचा इतिहास ही त्या पंचाला परत आणण्याची धडपड आहे, आणि एखादा गेम खरी आरपीजी आहे की नाही हे त्या धडपडीत तो कितपत उतरला यावरून ठरवावे, असे माझे म्हणणे आहे.

या पंचाची वंशावळ थेट प्रशियाच्या सैन्यापर्यंत जाते. गेओर्ग लिओपोल्ड फॉन रायस्वित्झ याने १८१२ मध्ये प्रशियाच्या राजाला टेबलावरचा एक युद्धखेळ करून दिला. त्याच्या मुलाने, जो स्वतः सैन्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये त्याचे सुधारलेले नियम छापले. त्याआधीचे युद्धखेळ बुद्धिबळाच्याच वळणाचे होते. पटावर चौकटी, चौकटींवर मोहरी, दोन खेळाडू समोरासमोर आणि दोघांनाही सगळे दिसते आहे. रायस्वित्झ बापलेकांनी चौकटी काढल्या, धाकट्याने खऱ्या भूभागाचा नकाशा पसरला आणि दोन सेनापतींच्या मध्ये एक तिसरा माणूस बसवला. सेनापतींनी आपले हुकूम या पंचाला लिहून द्यायचे. शत्रू कुठे दडला आहे हे पंचाला ठाऊक असायचे. सेनापतीला मात्र त्याच्या शिपायांना दिसू शकेल तेवढेच सांगितले जायचे. फासे टाकून, कोष्टके पाहून पंच निकाल द्यायचा, की तुकडी टेकडीपर्यंत पोचली की वाटेतच गारद झाली. सेनाप्रमुख म्युफलिंग यांना हा खेळ इतका पटला की त्यांनी तो सैन्याला शिकवण्यासाठी सुचवला. पुढे कोष्टके वाढत गेली, एकेका चालीला वेळ लागू लागला, आणि १८७६ मध्ये युलिउस फॉन फेर्डी या अधिकाऱ्याने कोष्टके आणि फासे बाजूला सारून अनुभवी पंचाच्या जाणकारीवरच निकाल सोपवावा असा पर्याय मांडला. म्हणजे नियमांनी बांधलेला पंच आणि मुक्त पंच यांतला वाद विजेच्या दिव्यांइतकाच जुना आहे. संगणकाच्या बाबतीत तोच वाद पुन्हा उभा राहणार होता.

प्रशियन खेळात पंच होता, पण भूमिका नव्हती. प्रत्येक जण सेनापतीच असायचा आणि जिंकणे एवढीच त्याची इच्छा असायची. भूमिका आली अमेरिकेतल्या मिनेसोटात, आणि तीही जवळजवळ अपघाताने. तिथल्या युद्धखेळांच्या मंडळीतला डेव्हिड वेझली याच्या हाती चार्ल्स टॉटन या अमेरिकन अधिकाऱ्याचे १८८० चे ‘स्ट्रॅटेगोस’ हे जुने पुस्तक लागले होते. खेळाडूने काहीही करू पाहावे आणि ते जमले की नाही हे पंचाने ठरवावे, ही मुभा त्याने त्यातून उचलली. १९६९ मध्ये त्याने ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावाभोवती नेपोलियनच्या काळातला एक डाव मांडला. लढाईला आलेल्या दोन सेनापतींखेरीज बाकीच्या मित्रांनाही काही काम हवे म्हणून त्याने कुणाला गावचा महापौर केले, कुणाला सावकार, कुणाला विद्यापीठाचा कुलपती. प्रत्येकाची इच्छा निराळी. लढाई राहिली बाजूला आणि मंडळी कारस्थानांत रमली. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचे आव्हान दिले. द्वंद्वाचा नियमच लिहिलेला नव्हता, तेव्हा वेझलीला तो जागच्या जागी रचावा लागला. डाव हाताबाहेर गेला म्हणून तो फसला असे वेझलीला वाटले. खेळणारे मात्र पुढचा डाव कधी म्हणून मागे लागले. पुढच्या एका डावात, जो लॅटिन अमेरिकेतल्या एका काल्पनिक देशात घडत होता, डेव्ह आर्नसनने आपण सीआयएचे हस्तक असल्याची बतावणी खोट्या ओळखपत्राच्या जोरावर खपवून नेली. असे ओळखपत्र कोणत्याही कोष्टकात नव्हते. पंचाने ते मानले म्हणून ते खेळात आले.

आर्नसनने १९७१ च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ नावाचे स्वतःचे अद्भुत जग सुरू केले, त्यात गायगॅक्सच्या ‘चेनमेल’ या युद्धखेळाच्या नियमांचा आधार घेतला, आणि या दोघांच्या सहकार्यातून १९७४ चा तो खोका तयार झाला. त्यात आकड्यांची रेलचेल आहे: ताकद, बुद्धी, चापल्य, लेव्हल, एक्सपी. आज ज्यांना आरपीजीची खूण मानतात ते सारे तिथे आहे. पण ते कशासाठी आहे हे पाहिले पाहिजे. त्या पहिल्या नियमांत एक्सपीचा मोठा वाटा मिळायचा तो तळघरातून बाहेर आणलेल्या सोन्याबद्दल. राक्षसाला मारण्याचे त्यामानाने फार थोडे. शहाणा खेळाडू लढाई टाळायचा, राक्षसाशी बोलायचा, त्याला फसवायचा, दोन टोळ्यांना एकमेकींच्या अंगावर घालायचा. अशी प्रत्येक युक्ती काही पुस्तकात छापलेली नव्हती. ती चालेल की नाही हे पुस्तिकांनी ज्याला सरळ ‘रेफरी’ म्हटले होते तो माणूस ठरवायचा, आणि ते ठरवताना पात्राचे आकडे पुढ्यात घ्यायचा. आकडे म्हणजे पंचापुढचा पुरावा. तुझे पात्र मंदबुद्धी आहे, त्याला ही भाषा वाचता येणार नाही, असे म्हणण्याचा त्याचा अधिकार त्या आकड्यांवर उभा होता.

आपल्याकडे बहुरूपी पोलिसाच्या वेषात दारात उभा राहतो आणि घरमालकाला दरडावतो, तेव्हा त्याची भूमिका केवळ खाकी कपड्यांनी पुरी होत नाही. घरमालक दचकतो, हुज्जत घालतो, गयावया करतो, म्हणजे त्याला पोलीस समजून उत्तर देतो, तेव्हा ती पुरी होते. उत्तर आलेच नाही तर उरतो नुसता वेष. लेव्हल, शस्त्रे, चिलखते, केसांचा रंग निवडण्याची सोय या साऱ्या गोष्टी गेममध्ये तशाच आहेत. जगाने त्या पात्राला उत्तर दिले नाही, तर खेळाडूने कितीही मनापासून भूमिका घेतली तरी ती त्याच्या डोक्यातच राहते.

संगणकाने यातला वेष आधी उचलला, आणि त्यात नवल काही नाही. इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाचे संगणक-जाळे शिक्षणासाठी उभारलेले होते. १९७५ मध्ये, म्हणजे खोका बाजारात आल्यावर पुढच्याच वर्षी, त्या जाळ्यावरच्या हौशी मंडळींनी तळघरांचे खेळ लिहिले. त्यांतल्या एकाचे नाव ‘पेडिट५’. या कंटाळवाण्या नावाआड तो दडून राहायचा, कारण हा शैक्षणिक धडा नाही हे कळले की व्यवस्थापक तो पुसून टाकत, आणि तसा तो पुसलाही गेला. त्याच सुमारास ‘डीएनडी’ही आला. या खेळांत पात्राचे गुण होते, राक्षस होते, सोने होते, लेव्हल होत्या. बोलणे, फसवणे, तह करणे नव्हते, कारण ते ऐकून घेणारे कुणी नव्हते. १९८१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांचा ‘विझर्ड्री’ अ‍ॅपल-टू संगणकावर आला आणि सहा जणांची तुकडी घेऊन रेघांच्या भुयारांत उतरण्याचा थरार घराघरांत पोचला. तिथेही बेरीज-वजाबाकी निर्दोष होती. पण त्याच ‘विझर्ड्री’त पंचाची एक बारीकशी खूण दिसते, तिच्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. काही राक्षस मैत्रीच्या भावनेने समोर येतात. ‘सज्जन’ ठरलेल्या पात्रांनी त्यांच्यावर हल्ला केला, तर ती ‘दुर्जन’ होण्याची शक्यता असते, आणि सज्जन-दुर्जनांना एका तुकडीत घेता येत नाही. तुम्ही स्वतःला जे म्हणवता आणि प्रत्यक्षात जे करता, यांची कुणीतरी तिथे तुलना करत होते. अगदी ओबडधोबडपणे, पण करत होते.

ही तुलनाच ज्याने खेळाच्या केंद्रस्थानी आणली तो रिचर्ड गॅरियट. टेक्सासमध्ये शाळकरी वयात खेळ लिहू लागलेल्या गॅरियटचा ‘अल्टिमा’ १९८१ मध्ये आला. त्यातला नायक दुकानातून चोरी करी, निरपराध गावकऱ्यांना मारी, आणि तरी शेवटी जगाचा तारणहार ठरे. खेळाडूंच्या पालकांची पत्रे आली आणि गॅरियट अंतर्मुख झाला. त्यातून १९८५ मध्ये ‘अल्टिमा ४’ घडला. मला तो या साऱ्या इतिहासातला सर्वांत धाडसी टप्पा वाटतो. त्यात शेवटी मारायचा कुणी महाराक्षस नाही. सुरुवातीला एक भटकी ज्योतिषीण नैतिक पेचाचे प्रश्न विचारते: सत्य सांगून मित्राला दुखवाल की दया म्हणून गप्प राहाल, या धर्तीचे. त्यांच्या उत्तरांवरून तुमचे पात्र ठरते. पुढे प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि विनय या आठ गुणांत पारंगत व्हायचे. गुणांची मोजणी पडद्याआड चालते. औषधी मुळ्या विकणारी बाई आंधळी आहे. किती नाणी दिली ते तुम्हीच सांगायचे. कमी देऊन भागते, लगेच कुणी पकडत नाही, पण प्रामाणिकपणाचा आकडा खाली जातो. भिकाऱ्याला दान दिले की करुणा वाढते, लढाईतून पळ काढला की शौर्य घटते. आपण कुठे आहोत हे राजवाड्यातल्या एका द्रष्ट्याला विचारावे लागते. आधीच्या खेळांतले आकडे खेळाडू काय करू शकतो हे सांगत. इथे आकडे तो कोण आहे हे सांगू लागले. ज्या यंत्राला गावकऱ्याशी दोन शब्दांपलीकडे बोलता येत नव्हते, त्याने खेळाडूच्या वागण्याचा न्याय करून दाखवला.

इथे जपानचा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. जगात आरपीजी हा शब्द सर्वांत जास्त लोकांच्या तोंडी नेला तो जपानी खेळांनी. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि ‘फायनल फँटसी’ यांना खऱ्या आरपीजी म्हणायचे नाही, तर व्याख्याच खोटी ठरते, असे कुणी म्हणेल. याचे उत्तर देण्याआधी ते खेळ कुठून आले ते पाहू. युजी होरी हा अमेरिकेत भरलेल्या अ‍ॅपल-प्रदर्शनाच्या निमित्ताने ‘विझर्ड्री’च्या ओढीत सापडला. ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे त्याचे आदर्श, आणि त्यांतून मे १९८६ मध्ये फॅमिकॉम या घरगुती गेम-यंत्रावर ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. म्हणजे जपानमध्ये हा प्रकार रुजला तो टेबलावरून नव्हे, संगणकावरून. पंच जिथे आधीच गळालेला होता, तिथून. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे जपानी भाषांतर बाजारात येऊन तेव्हा वर्षच झाले होते. तरीही होरीच्या खेळात पंचाची सावली आहे. सोडवलेली राजकन्या सोबत नेण्याची विनंती करते, त्याला नाही म्हटले तर ती तोच प्रश्न पुन्हा विचारते, हो म्हणेपर्यंत विचारत राहते. ही नुसती कथा आहे, उत्तर नाही. पण शेवटी खलनायक ड्रॅगनराज अर्धे जग देऊ करतो आणि सोबत यायला सांगतो. हो म्हटले तर खेळ तिथेच संपतो. नायकाला लोभ सुटू शकतो हे त्या जगाने मान्य केले आणि त्याची किंमत वसूल केली. १९९५ च्या ‘क्रोनो ट्रिगर’मध्ये याहून सुंदर उदाहरण आहे. सुरुवातीच्या जत्रेत खेळाडू सहज म्हणून कुणाचा डबा खातो, कुणा मुलीची हरवलेली मांजर शोधून देतो वा देत नाही. पुढे राजकन्येला पळवल्याच्या आरोपावरून त्याच्यावर खटला भरला जातो आणि जत्रेतले तेच लोक साक्षीला उभे राहतात. ज्यूरी त्या वागण्यावरूनच दोषी की निर्दोष ते सांगते. मात्र निर्दोष ठरले तरी तुरुंगवारी चुकत नाही. लेखकाला नायक तुरुंगात हवा असतो. स्मरण आहे, निकाल आहे, पण त्याचे पाऊल फार दूर पडत नाही. १९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’मधला एरिथचा मृत्यू खेळाडू कोणत्याही उपायाने टाळू शकत नाही, आणि त्या दुःखाची थोरवी त्या अटळपणातच आहे. तेव्हा माझे उत्तर असे, की या खेळांत भूमिकेचे अंश आहेत, काही ठिकाणी ते चमकून जातात, पण त्यांचे बळ कथनात आहे. आरपीजी नसणे हा दोष नाही आणि असणे हे प्रशस्तिपत्र नाही. ‘फायनल फँटसी ७’ थोर आहे तो वेगळ्या कारणाने.

दुसरा आक्षेप आकडेवाल्यांचा. ते म्हणतात, की परंपरा लेव्हल आणि एक्सपीची आहे, बाकी सारी उपरी भर. पण २००७ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ या नेमबाजीच्या खेळात ऑनलाइन सामन्यांसाठी एक्सपी आले, लेव्हल आल्या, आणि तो खेळ यत्किंचितही आरपीजी झाला नाही. आकडे उचलून कुठेही बसवता येतात, म्हणूनच ते ओळख ठरू शकत नाहीत. ‘डायब्लो’चेही तेच. १९९६-९७ च्या त्या खेळाचे मूळ ‘रोग’ या जुन्या खेळाच्या भुयारांत आहे, त्यातली पात्रवाढ रसरशीत आहे, पण योद्धा घ्या वा जादूगार घ्या, जगाला तुमच्याशी एकच बोलायचे असते: मार आणि पुढे चल. उलट बाजूने पाहिले तरी मुद्दा टिकतो. २०१२ च्या ‘द वॉकिंग डेड’मध्ये निवडी आहेत, माणसे त्या निवडी ध्यानात ठेवतात, त्यावरून रागावतात, दुरावतात, तरी त्याला आपण आरपीजी म्हणत नाही, कारण त्यातल्या ली या नायकाची स्वतःची अशी मोजता येणारी कुवत नाही. तो काय करू शकतो हे कथा ठरवते. पंचाला निकाल द्यायला पुरावा लागतो, आणि पात्राची खेळाडूहून वेगळी अशी कुवत हा तो पुरावा आहे. २००२ च्या ‘मोरोविंड’मध्ये तलवार डोळ्यांदेखत शत्रूच्या अंगातून जाते आणि तरी वार चुकल्याचे कळते, तेव्हा अनेक खेळाडू वैतागतात. वैताग रास्त आहे, मांडणी कच्ची आहे, पण त्यामागचे तत्त्व सच्चे आहे: हात तुमचे असले तरी तलवार एका नवशिक्याच्या हाती आहे. २००० च्या ‘डेयस एक्स’ने हेच अधिक नीट साधले. बंदुकीचे कौशल्य कमी असलेल्या पात्राची नेम धरताना थरथर होते, आणि खेळाडूला पात्राचा कच्चेपणा हाताला जाणवतो.

पुरावा आणि निकाल हे दोन्ही एकत्र कसे येतात, याचा वस्तुपाठ १९९७ च्या ‘फॉलआउट’ने दिला. टिम केन आणि इंटरप्लेतल्या त्याच्या सहकाऱ्यांनी तो आधी स्टीव्ह जॅक्सनच्या ‘गर्प्स’ या टेबलावरच्या खेळाच्या नियमांवर बांधायला घेतला होता. करार फिसकटला, तेव्हा त्यांनी सात गुणांची स्वतःची पद्धत रचली. पण टेबलावरची वृत्ती त्यांनी सोडली नाही. बुद्धीचा आकडा अगदी खाली ठेवून पात्र केले, तर ते धड वाक्य बोलू शकत नाही, आणि गावोगावची माणसे त्याच्याशी तसेच वागतात. बहुतेक कामे त्याला कुणी सांगतच नाही. अणुयुद्धानंतर माणसांचे राक्षसी उत्परिवर्तन करून नवी प्रजा घडवू पाहणारा ‘मास्टर’ हा त्यातला खलनायक. त्याला गोळ्या घालता येतात. त्याच्या तळाखाली बॉम्ब उडवता येतो. आणि त्याची ही नवी प्रजा वांझ आहे, तिला पुढची पिढीच नाही, हे पुराव्यानिशी पटवून दिले, तर तो स्वतःच खचून सारे संपवतो. त्यासाठी पुरावा आधी मिळवलेला हवा आणि पात्र बोलण्यात तरबेज हवे. शेवटी खेळ प्रत्येक वस्तीचे पुढे काय झाले ते सांगतो, तुमच्या करणीनुसार. आर्नसनच्या खोट्या ओळखपत्राला पंचाने मान्यता दिली त्याला पाव शतक उलटून गेले होते, आणि यंत्राने प्रथमच तितक्या मोकळेपणाने खेळाडूचा शब्द शस्त्राच्या बरोबरीने तोलला होता.

तिसरा आक्षेप सर्वांत मूलगामी आहे. हे सारे आधी लिहून ठेवलेले आहे, मास्टरला पटवणे हीदेखील लेखकाने काढून ठेवलेली वाट आहे, मग पंच कुठे आला? या आक्षेपाला एक व्यावहारिक उत्तर २००२ च्या ‘नेव्हरविंटर नाइट्स’ने देऊन पाहिले: चालू खेळात एका माणसालाच पंच म्हणून बसता येईल, राक्षस उभे करता येतील, पात्रांच्या तोंडून बोलता येईल, अशी सोय त्यात होती. त्यावर वर्षानुवर्षे टिकलेली खेळाडूंची जगे उभी राहिली. पण एकट्याने खेळणाऱ्याचे काय? तिथे प्रशियाचा जुना वाद उपयोगी पडतो. रायस्वित्झचा पंचही कोष्टकांनी बांधलेलाच होता. त्याचे निकालही आधीच छापलेल्या शक्यतांतून येत. म्हणून तो पंच नव्हता असे कुणी म्हटले नाही. संगणक हा बांधील पंच आहे. त्याने किती प्रश्नांची उत्तरे आधी विचारात घेतली आहेत, आणि ती उत्तरे पात्रागणिक किती बदलतात, हाच त्याच्या कसाचा मापदंड. ही तरतमाची बाब आहे हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. बहुतेक प्रकारांच्या सीमा अशाच धूसर असतात, आणि तरी त्यांचे केंद्र स्पष्ट असते.

केंद्राच्या किती जवळ जाता येते हे २०१९ मध्ये एस्टोनियन लेखक रॉबर्ट कुर्वित्झ आणि त्याच्या साथीदारांच्या ‘डिस्को एलिझियम’ने दाखवले. त्यात नेहमीची लढाईची पद्धतच नाही. स्मृती गमावलेला एक दारुडा पोलीस खुनाचा तपास करतो. त्याची चोवीस कौशल्ये त्याच्या डोक्यात आवाज बनून बोलतात: सहानुभूती एक सांगते, तर्क दुसरे, अधिकार तिसरेच. म्हणजे पात्राचा आकडा केवळ निकालाच्या वेळी पुढे येत नाही. जग कसे दिसते हेच तो ठरवतो. आणि फासा उलटा पडला तर दार बंद होत नाही. पोलिसाची फजिती होते, त्या फजितीवर माणसे बोलतात, सहकारी किम भुवया उंचावतो आणि गोष्ट वेगळ्या वाटेने पुढे सरकते. अपयशाला इतके सविस्तर उत्तर देणारा खेळ दुर्मीळ आहे. चांगला पंच ओळखावा तो इथेच. जमले असे सांगणे सोपे असते. जमले नाही, आणि आता हे घडले, असे सांगायला कल्पकता लागते.

त्याच २०१९ मध्ये मुक्त पंचाचे स्वप्नही पुरे झाल्यासारखे दिसले. भाषेच्या मॉडेलवर चालणारा ‘एआय डंजन’ आला. काहीही टाइप करा, त्याला उत्तर मिळे. फेर्डीच्या मुक्त पंचाला यंत्र मिळाले असे अनेकांना वाटले. पण थोडा वेळ खेळले की उणीव कळे. तो खेळ आधीचे विसरे, आणि खेळाडूने ड्रॅगनला चिमटीत धरून उचलले असे लिहिले, तर बहुधा ड्रॅगन उचललाही जाई. पात्राची कुवत नाही, निकालाची स्मृती नाही, नकार नाही. कशालाही हो म्हणणाऱ्या पंचापुढे कुणी शूर होऊ शकत नाही आणि कुणी भेकडही होऊ शकत नाही. याउलट बेल्जियमच्या लॅरियन कंपनीने २०२३ मध्ये आणलेला ‘बाल्डर्स गेट ३’ पूर्णपणे बांधील पंच आहे, आणि तरी मला तो टेबलाच्या अधिक जवळचा वाटतो. त्यात मृतांशी बोलण्याचा मंत्र आहे. ज्याला तुम्हीच मारले त्याच्या प्रेतावर तो टाकला, तर प्रेत आपल्या मारेकऱ्याशी बोलायला नकार देते. पण वेषांतराचा मंत्र आधी वापरून दुसऱ्याच कुणाचे रूप घेतले, तर ते फसते आणि प्रश्नांची उत्तरे देते. एखादा खेळाडू हे करून पाहील, हे लॅरियनमधल्या कुणीतरी आधीच ओळखले होते, आणि टेबलावरच्या पंचाने क्षणभर विचार करून जे उत्तर दिले असते, तेच लिहून ठेवले होते.